पेटीवरची बाई

डॉनानं पेटीचं झाकण उचललं, आणि आईच्या कपाळावर कुंकू होतं. चांगलं ठसठशीत, गोल, लालभडक. नीलांबरीला आधी वाटलं, हे लोक भलत्याच कुणाला तरी आणून ठेवताहेत. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या या फ्युनरल होममध्ये हल्ली आपली माणसंही येतात, झाली असेल अदलाबदल. पण कुंकवाखाली नाक आईचंच होतं, हनुवटी आईचीच, आणि काल तिनं स्वतःच्या हातानं नेसवलेली ती राखी रंगाची, बारीक काठाची साडीही आईचीच. बावीस वर्षं या कपाळावर काही म्हणजे काही नव्हतं. इतकं नव्हतं, की आईला कपाळ आहे हेच ती विसरून गेली होती. मागे उभ्या असलेल्या सरलाकाकू हळूच "अगं बाई" म्हणाल्या. श्रीरामदादा पुढे झाला, वाकला, नीट पाहिलं आणि मराठीतच, जणू डॉनाला कळणारच होतं, म्हणाला, "हे काय आहे?" डॉना हसली. पन्नाशीची बाई, चष्म्याला साखळी, बोटांच्या टोकांना पावडरीचा वास. तिला वाटलं, काम पसंत पडलं. फोटोत होतं अगदी तसंच केलंय, म्हणाली, आणि तुम्हाला थोडा वेळ देते म्हणून दार ओढून घेऊन गेली.

फोटो कुठला, हे मग परीक्षितनं सांगितलं. नीलांबरीचा हा नवरा एरवी एवढा हुशार की त्याच्या ऑफिसात अख्खं मशीन बंद पडलं की रविवारीसुद्धा याला फोन येतो, पण घरातल्या गोष्टीत त्याचं डोकं म्हणजे रिकामं मडकं. डॉनाला चेहरा सजवायला आईचा फोटो हवा होता, त्यानं फायरप्लेसवरचा फ्रेममधला काढून दिला. आई आणि बाबा, मिरजेच्या स्टुडिओतला, लग्नानंतरचा, ब्लॅक अँड व्हाइट. काल नीलांबरी आंघोळीला गेलेली असताना डॉनाचा फोन आला होता. फोटोत कपाळावर काळा ठिपका दिसतो, तो खरा कुठल्या रंगाचा? "मी म्हटलं रेड, आय गेस," परीक्षित म्हणाला. "मला काय माहीत, यार. फोटोसारखं पाहिजे म्हणाली, मी हो म्हटलं." त्याच्या चेहऱ्याकडे बघून नीलांबरीला क्षणभर हसूच फुटलं असतं. म्हणजे ते कुंकूसुद्धा नव्हतं. डॉनाची लिपस्टिक होती ती.

"चूक झाली, होते माणसाकडून," सरलाकाकू म्हणाल्या. "पुसून टाका आता पटकन. तासाभरात न्यायला येतील." सरलाकाकू म्हणजे इथल्या मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. डॉक्टर नवऱ्याबरोबर त्या आल्या तेव्हा अख्ख्या शिकागोत चार मराठी घरं नव्हती. बारसं असो, मुंज असो, नाहीतर असं काही, भटजी मिळाला नाही की काकूंना फोन जातो. त्यांच्याकडे झेरॉक्स केलेली पोथी आहे, आणि कशानंतर काय, हे सांगायला त्या खमक्या आहेत. स्वतःच्या कपाळावर हे एवढं कुंकू. बाई वाईट नाही. आई गेल्याच्या दुपारी सगळ्यांत आधी हीच बर्फातून गाडी चालवत पिठलंभात घेऊन आली होती. पण तिनं ते 'पुसून टाका' ज्या सहजपणे म्हटलं, ओट्यावर चहा सांडलाय, फडकं मार, अशा थाटात, त्यानं नीलांबरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादानं तर खिशातून रुमालही काढला होता. कुणाच्या मनात 'पुसायचं का?' असा प्रश्नसुद्धा आला नाही. काढला रुमाल.

हेच दोन शब्द तेव्हाही, मिरजेला. बाबांना अजून उचलायचं होतं. अंगणात पुरुषांची बोलणी चालली होती, बांबू आला का, मडकं आलं का, आणि आत आत्या तांब्या घेऊन आईसमोर बसली होती. नीलांबरी नऊ वर्षांची, दाराच्या चौकटीला चिकटून उभी. कुणीतरी बाई म्हणाली, पुसून टाका आता, आणि आत्यानं ओला तळवा आईच्या कपाळावर ठेवून असा ओढला की कुंकू भांगापर्यंत पसरलं. अजून राहिलंय बघा, दुसरी म्हणाली. पुन्हा पाणी, पुन्हा तळवा. आई रडत नव्हती. शाळेत जायच्या आधी पोराचं तोंड धुताना पोर जसं मान ताठ करून डोळे उघडे ठेवून उभं राहतं, तशी ती बसली होती. ज्या बायका हे करत होत्या त्या सगळ्या आईच्या रोजच्या, तिच्याकडून विरजण नेणाऱ्या, तिच्या बाळंतपणात राबलेल्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं. हीच तर चीड. पाप असतं तर माणूस भांडला तरी असता. पाप नसलेल्या माणसांशी काय भांडणार? त्या रडत रडत पुसत होत्या. दुसऱ्या दिवशीही आईच्या कपाळावर तांबूस डाग होता, कातडी सोलवटल्यासारखा, आणि नीलांबरीला तो उतरू नये असं वाटत होतं. चारआठ दिवसांत उतरला.

पुढे आईनं शाळेत नोकरी धरली, दोघांना शिकवलं, दादाला इंजिनियर केलं, हिला कॉम्प्युटरचा कोर्स लावून दिला. लोक म्हणायचे, सुमित्राबाई म्हणजे धीराची बाई. धीराची! संक्रांतीला शेजारणी नीलांबरीला हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि आईसाठी वाटीत तिळगूळ पाठवायच्या. लग्नात नीलांबरीची ओटी मामीनं भरली. ओटीचे तांदूळ निवडून ठेवले होते आईनं, खण आणला आईनं, नारळाची शेंडी विंचरली आईनं, आणि वेळ आली तेव्हा आई स्वयंपाकघरात मोजलेली भांडी पुन्हा मोजत होती. नीलांबरी तिला बोलवायला गेली तर म्हणाली, अगं जा, खोळंबलेत सगळे. यात तिला कुणी ढकललं नव्हतं. ती आपणहून आत गेली होती. बावीस वर्षांत तिला एकदाही कुणाला ढकलावं लागलं नाही, इतकी ती शहाणी होती, आणि तिच्या या शहाणपणाचं सगळ्यांना केवढं कौतुक.

नोव्हेंबरात, आई येऊन महिना झाला होता, नीलांबरी तिला शनिवारी गाडीनं शिकागोला घेऊन गेली. घरात बसून बसून आईचा जीव आंबला होता. टीव्हीतलं कळत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. म्युझियममध्ये डायनोसॉरचे सांगाडे आईनं पाहिले न पाहिल्यासारखे केले. मग खालच्या मजल्यावर, अंधाऱ्या दालनात, काचेच्या कपाटात ममीची ती पेटी होती, आणि तिथे आई जी थांबली ती हलेचना. माणसाच्याच आकाराची लाकडी पेटी, उभी करून ठेवलेली. लाकूड फक्त पायाशी दिसत होतं, जिथे रंगाचा पोपडा निघून भोकातली खुंटी उघडी पडली होती. बाकी सगळी पिवळीधमक, त्यावर तांबडी, निळी, हिरवी चित्रं, इतकी दाटीनं की बोट ठेवायला जागा नाही. छातीवर पंख पसरून बसलेली देवी. तिच्याखाली कोल्ह्याच्या तोंडाचे, ससाण्याच्या तोंडाचे देव ओळीनं. आणि वर त्या बाईचा चेहरा. काळेभोर जाड केस, भरलेले गाल, कानापर्यंत ओढलेलं काजळ आणि कपाळावर, बरोबर मध्ये, वरच्या माळेतून खाली आलेली कमळाची कळी. आई काचेच्या इतकी जवळ गेली की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

तिनं पाटी वाचून दाखवायला सांगितली. नीलांबरीनं सांगितलं, ही देवळात गाणारी बाई होती, तीन हजार वर्षांपूर्वीची, रंग मूळचेच आहेत, नंतर कुणी दिलेले नाहीत. आईनं विचारलं, नवरा होता का गं हिला? तसं काही लिहिलेलं नव्हतं. मेला असेल की आधीच, आई म्हणाली. असेल, नीलांबरी म्हणाली, तिला भूक लागली होती आणि परतीची गाडी डोक्यात होती. मग आईनं विचारलं की मेलेल्या माणसाच्या पेटीवर त्यांनी एवढा सुंदर चेहरा काढला कशाला, आत नाहीतरी अंधारच. नीलांबरीनं पाटीवरचं वाचून सांगितलं, त्यांची अशी समजूत होती की जीव बाहेर हिंडून परत येतो, तेव्हा त्याला स्वतःचा चेहरा ओळखता यायला हवा, नाहीतर तो कायमचा भटकत राहतो. शाळेतली पोरं गलका करत आली, ममी ममी ओरडली, गेली.

"म्हणजे हिला कुणी पुसलं नाही," आई म्हणाली.

"अगं आई, मेलेली बाई आहे ती. हे सगळं मेल्यावर केलेलं."

"मेल्यावर का होईना."

एवढंच. मग आईनं पदर सारखा केला आणि कँटीनमधलं सँडविच चीजचं का अंड्याचं याची चौकशी केली. गाडीत ती खिडकीशी बसून झोपली. नीलांबरीनं ते वाक्य कुठेतरी टाकून दिलं, आपण घरी आल्यावर कोट टाकतो तसं. पण त्याच आठवड्यात केव्हातरी सकाळी ती बाथरूमचं दार न वाजवता आत शिरली, तर आई आरशासमोर उभी. आरशावर नीलांबरीच्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या, झोपताना काढायची आणि तिथेच लावायची तिची सवय. आई बुटकी. तिनं टाचा उचलल्या होत्या, एका हातानं बेसिन धरलं होतं, मान थोडी वर, थोडी डावीकडे, आणि आरशावरची एक मरून टिकली तिच्या आरशातल्या कपाळावर बरोबर बसली होती. बोट लावलं नव्हतं तिनं टिकलीला. नुसती खाली उभी राहिली होती. काही नाही गं, केस विंचरत होते, असं म्हणून टाचा टेकवून ती बाहेर गेली. लाव की गं आई, इथे कोण बघतंय, हे नीलांबरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सकाळची वेळ, आठची गाडी, बाहेर घसरडं. संध्याकाळी बोलू म्हणाली. मग थँक्सगिव्हिंगला दादा ओहायोतल्या डब्लिनहून बायकामुलांना घेऊन आला, मग नाताळ, मग जानेवारीत एका दुपारी आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडता निवडता खाली बसली ती बसलीच.

"नीलू, बाजूला हो," श्रीरामदादा म्हणाला. त्यानं कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरवरून रुमाल ओला करून आणला होता. तेव्हा तिला कळलं की आपण पेटीच्या आणि दादाच्या मध्ये उभ्या आहोत.

"राहू दे ते," ती म्हणाली.

दादा समजावायला लागला. त्याचा आवाज मीटिंगमधला झाला, ओहायोतल्या कंपनीत हाताखाली तीस माणसं असल्यामुळे तो घरातही कधीकधी असा होतो. त्याला स्वतःला काही फरक पडत नाही, तो असलं काही मानत नाही, पण मिरजेला आत्या अजून आहे, मामा आहेत, उद्या कुणी विचारलं तर? आणि आईनं जे जन्मभर पाळलं त्याची एक डिग्निटी असते, ती आपण अशी एका ब्यूटिशियनच्या मिस्टेकपायी घालवायची का? शेवटी तो म्हणाला की बाबांचाही विचार कर. बाबांचा! नीलांबरीला वाटलं, या माणसाच्या हातातला तो रुमाल हिसकावून त्याच्या तोंडात कोंबावा. मानत नाही म्हणे. न मानणारीच माणसं पुसायला सगळ्यांत पुढे. आत्या निदान मानत तरी होती. हा नुसता बोलणी टाळायला पुसणार, आत्यानं फोनवर चार शब्द सुनावू नयेत म्हणून, आणि वर त्याला डिग्निटी म्हणणार, आणि संध्याकाळी विमानात बसून घरी जाणार.

"दादा, तेव्हा मी नऊ वर्षांची होते म्हणून आत्याला पुसता आलं," ती म्हणाली. "आता पूस बघू."

परीक्षित उगाच खिडकीचा पडदा सारखा करायला लागला. दादाचा हात तसाच राहिला. रुमालातलं पाणी गालिच्यावर टपकत होतं. आणि तेव्हा सरलाकाकू, आवाज न चढवता, उलट फार मायेनं, म्हणाल्या, "नीलांबरी, तिला विचारलं होतंस का तू? तिची इच्छा होती का?"

हे मात्र वर्मी बसलं. विचारलं नव्हतं. आरसा होता, उचललेल्या टाचा होत्या, काचेवरची वाफ होती, पण यातलं काय या बाईसमोर ठेवणार? काकू म्हणाल्या असत्या, अगं केस विंचरत असेल. आईनंच तसं सांगितलं होतं. आणि समजा खरंच केस विंचरत असली तर? बावीस वर्षं तिनं जे सांभाळलं ते तिचं स्वतःचं झालं असलं तर? नऊ वर्षांच्या पोरीची तिडीक आईच्या कपाळावर लावून आपण तिला अग्नीत ढकलतोय, असं असलं तर? पेटीतली आई डोळे मिटून पडली होती. डॉनानं तिच्या पापण्यांवरही काहीतरी हलकं फिरवलं होतं, गालावरच्या सुरकुत्या भरल्या होत्या, आणि त्यामुळे ती कुणासारखीच दिसत नव्हती, ना त्या स्टुडिओतल्या नवरीसारखी, ना धीराच्या सुमित्राबाईंसारखी. अशा चेहऱ्याला काय विचारणार? आणि तेवढ्यात तिची चीड पुन्हा जागेवर आली, पहिल्यापेक्षा धडधाकट.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "पुसताना तरी कुणी विचारलं होतं?"

काकू भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, मांडीवर पोथी ठेवली, चष्मा लावला. पानं उलटण्याचा आवाज येत राहिला. काकू आता उठतील, पर्स उचलतील आणि चालत्या होतील, असं नीलांबरीला वाटलं. खुशाल जावं, परीक्षित वाचेल पोथी अडखळत, नाहीतर कुणीच वाचणार नाही. दादा रुमालाची घडी घालत होता, ओल्या रुमालाची, कडेला कड जुळवून. दार वाजलं. डॉनानं डोकं आत घातलं, हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना, माझ्याकडून काही चुकलं का? दादानं नीलांबरीकडे पाहिलं. नीलांबरी म्हणाली, नाही, अगदी बरोबर झालंय, थँक यू. डॉना सुटल्यासारखी हसली आणि गेली.

"मग असं अर्धवट नको," सरलाकाकू खुर्चीवरून म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडका होता, स्वयंपाकात कुणी लुडबुड केली की होतो तसा. "कुंकू लावून न्यायची तर सवाष्णीसारखी नीट न्यायची. बिनओटीची नाही जाऊ देणार मी. ही राखी साडी नको, माझ्या गाडीत हिरवी आहे, मंडळाच्या कार्यक्रमासाठी ड्रायक्लीनला टाकायची होती, ती वरून घालू. परीक्षित, गाडी काढ, पटेलांच्या दुकानातून नारळ आण, तांदूळ आण, हळकुंडं मिळाली तर बघ. आणि त्या बाईला सांगा, अर्धा तास थांबायला." बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांतली एक या हातातली, एक त्या हातातली, अशा दोन काढल्या.

दादा बावचळला. "काकू, पण चालतं का असं?"

"न चालायला काय झालं?" काकू म्हणाल्या. "आपण चालवलं की चालतं."

परीक्षित किल्ल्या घेऊन दाराशी गेलासुद्धा होता. नीलांबरीला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. जिंकली होती ती. काकू तिच्या बाजूनं उठल्या होत्या, दादानं रुमाल खिशात घातला होता, उद्या काकूच मंडळात छातीठोकपणे सांगतील की मी स्वतः ओटी भरली, आणि कुणाची टाप नाही त्यांच्यासमोर ब्र काढायची. पण तिनं पेटीची कड घट्ट धरली. आपण चालवलं की चालतं. एवढंच होतं ते? एक चिडकं वाक्य, मूठभर तांदूळ, पटेलांच्या दुकानातला नारळ? आईच्या सगळ्या संक्रांती, नीलांबरीच्या लग्नातलं ते स्वयंपाकघर, ती पुन्हा पुन्हा मोजलेली भांडी, यावर कुणी एकानं, कुठल्याही एका दिवशी, कंटाळून का होईना, हे म्हटलं असतं तर संपत होतं? वरातीमागून घोडं आणायला सगळे तयार.

"काकू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्या मऊ गालिच्याच्या खोलीत नको इतका मोठा झाला, "इतकं सोपं होतं, तर ती असताना का नाही केलंत?"

तिनं काकूंना विचारलं, दादाला विचारलं, दारात थबकलेल्या परीक्षितलाही विचारलं, आणि चौथं जे माणूस त्या खोलीत उभं होतं, आठची गाडी गाठायच्या घाईतलं, त्यालाही. दादा खाली बघत होता. सरलाकाकूंनी आईचा हात हातात घेतला होता, बोटं जुळवून, तळवा दाबून त्या बांगडी चढवत होत्या, पण हात ताठ झाला होता आणि बांगडी अंगठ्याच्या पुढे जात नव्हती.